साठीनंतरची पहिली कादंबरी : श्रद्धेतून कथेकडे

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत साठी ओलांडलेल्या माणसांची पहिली कादंबरी हटकून असते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी लेखणी हातात घेतलेली असते ती देवापायी. कुणी बापाची वारी पुढे चालवतं, कुणाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ज्ञानेश्वरीचं पारायण आहे, कुणी मोठ्या आजारातून उठलंय आणि आता हे सांगितलंच पाहिजे असं त्यांना मनापासून वाटतंय. ही माणसं कच्ची नसतात. भाषा त्यांच्या कानात मुरलेली असते, माणसं पाहिलेली असतात, दुःख पचवलेलं असतं. अडतं ते एकाच ठिकाणी. श्रद्धा सांगायची, की श्रद्धा असलेल्या माणसाची गोष्ट सांगायची, हे ठरलेलं नसतं. या लेखाचा सगळा रोख तिथेच आहे. उदाहरणं वारकरी घरातली घेतली आहेत, कारण ते जग मला जवळचं. पण माउंट मेरीच्या जत्रेला, दीक्षाभूमीला किंवा खुलताबादच्या उरुसाला जाणाऱ्यालाही पायऱ्या याच चढाव्या लागतील.

वयाचा प्रश्न आधी निकालात काढू. डॅनियल डिफो यांची 'रॉबिन्सन क्रूसो' १७१९ साली आली तेव्हा ते साठीला टेकले होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली छापला गेला, तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. ते आत्मचरित्र आहे, कादंबरी नव्हे, पण उतारवयातला हात किती मोकळा चालू शकतो हे पाहायला त्याहून चांगलं पुस्तक मराठीत नाही. आणि श्रद्धेतून कादंबरी लिहिणं ही तर आपल्याकडची जुनीच वाट आहे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती 'यमुनापर्यटन' (१८५७) ख्रिस्ती धर्म स्वीकारलेल्या बाबा पदमनजींनी लिहिली. तिच्यात धर्मप्रचार आहेच. तरी आज ती वाचली जाते ती त्या काळच्या विधवांचे हाल तिच्यात उतरलेत म्हणून.

पहिली पायरी : न सुटलेला प्रश्न शोधा

कादंबरी सुरू करण्याआधी आठवडाभर फक्त एक काम करा. तुमच्या श्रद्धेला आयुष्यात कुठे खरचटलं ते आठवा. कुठल्या दिवशी देवावर रागावलात? कुठला नवस बोललात आणि फेडला नाहीत? घरातलं कोण देव मानत नव्हतं आणि तरी तुमच्यापेक्षा भलं वागत होतं? कुणाला दाराबाहेर उभं ठेवलेलं तुम्ही पाहिलंत आणि गप्प बसलात?

यातला एखादा प्रसंग असा निघतो की तो आठवला की अजून अस्वस्थ व्हायला होतं. कादंबरी तिथून सुरू होते. 'विठ्ठल भक्ताला कधी अंतर देत नाही' हा तुमचा विश्वास असेल, तो खरा असेल, पण त्यात गोष्ट नाही, कारण त्यात काही पणाला लागलेलं नाही. 'पन्नास वर्षं एकही वारी न चुकवलेल्या बाईला एका वर्षी घरात बसावं लागलं, तेव्हा तिनं काय केलं?' यात गोष्ट आहे.

हेच उदाहरण पुढे नेऊ. २०२० साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटीच्या बसमधून पंढरपूरला गेल्या. आषाढी एकादशी होती १ जुलैला. आपली नायिका अनसूयाबाई, वय अडुसष्ट, सासूकडून आलेली वारी चालवणारी. तिचा मुलगा तालुक्याच्या रुग्णालयात कामाला आहे आणि त्यानं साथीतले मृत्यू डोळ्यांनी पाहिलेत. तो आईला बाहेर पडू देत नाही. तोही बरोबर आहे. हे फार महत्त्वाचं. मुलगा नास्तिक, उद्धट, शहरी असा रंगवलात की कादंबरी तिथेच संपली, कारण निकाल वाचकाला दहाव्या पानावरच कळतो. समोरच्याचं म्हणणं तुम्ही त्याच्या वकिलाइतकं मन लावून लिहिलं पाहिजे.

दुसरी पायरी : संत नको, माणूस घ्या

पहिल्याच कादंबरीत थेट ज्ञानोबा-तुकोबांना नायक करण्याचा मोह होतो. माझा आग्रह आहे, करू नका. एक तर संतचरित्राची गोष्ट वाचकाला शेवटापर्यंत पाठ असते. दुसरं, तुम्हाला त्यांच्या तोंडी शब्द घालायचे असतात आणि ती जबाबदारी मोठी आहे. संत तुकारामांवरच्या कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतले, तेव्हा आनंद यादवांसारख्या मुरलेल्या लेखकाला ती मागे घ्यावी लागली आणि २००९ च्या महाबळेश्वर साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही सोडावं लागलं. त्या वादात कोण चूक, कोण बरोबर हा वेगळा विषय. पण पहिलं पुस्तक लिहिणाऱ्यानं एवढं ओझं घेऊ नये.

त्याऐवजी दिंडीतला विणेकरी घ्या. रात्री तंबू ठोकणारा पोरगा घ्या. पंढरपुरात चुरमुरे-बत्तासे विकणारी घ्या. इतिहासात जायचं असेल तर पंढरपूरचीच दोन वर्षं उघडून पाहा. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं आणि ते खुलं झालं. त्या दहा दिवसांत ज्या घरात बाप एका बाजूला आणि मुलगी दुसऱ्या बाजूला होती, त्या घराची गोष्ट लिहा. किंवा २०१४ चा जानेवारी, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे मंदिरातले परंपरागत हक्क संपले. पिढ्यान्‌पिढ्या देवाजवळ राहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करतो? दोन्ही ठिकाणी श्रद्धा आहेच, पण ती माणसामाणसांत अडकलेली आहे, आणि कादंबरीला तेच हवं असतं.

तिसरी पायरी : सामान गोळा करा

तुमच्या वयाचा खरा फायदा इथे आहे. तरुण लेखकाला जे विचारत फिरावं लागतं ते तुम्ही जगलेले असता. पण आठवण लबाड असते, म्हणून तीन वह्या करा. एकीत आठवणी, जशा येतील तशा. दुसरीत ऐकलेलं: आते, मावशा, गावातले म्हातारे काय बोलतात ते त्यांच्याच बोलीत. बोलताना फोनवर रेकॉर्डिंग करा, आधी विचारून. तिसरीत तपासलेलं: तारखा, अंतरं, भाव, हवामान.

तिसऱ्या वहीचा कंटाळा करू नका. आषाढी २०२१ साली २० जुलैला होती आणि २०२३ साली २९ जूनला. तीन आठवड्यांचा हा फरक शेतकऱ्याच्या कादंबरीत पेरणी झाली की नाही इथपर्यंत जातो. जुनं पंचांग बघा, त्या आठवड्याचं वर्तमानपत्र ग्रंथालयात बसून चाळा.

आणि पुन्हा एकदा जा. पन्नास वर्षं ज्या वारीला गेलात तिला या वेळी लेखक म्हणून जा. माउलींच्या पालखीच्या तळावरची समाजआरती नुसती नीट पाहिलीत तरी एक अख्खं प्रकरण हाताला लागेल. दिवसभर चालून थकलेल्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड वर करतो, हाक देतो, आणि एवढा समुदाय एका क्षणात गप्प होतो. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असते तिचे टाळ वाजत राहतात. सगळीकडे शांतता आणि एकाच कोपऱ्यात टाळ. मग चोपदार तिकडे जातो, काय झालं ते विचारतो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची नावं पुकारली जातात, उद्या निघायची वेळ सांगितली जाते, आणि मग आरती होते.

बघा, देवापुढे गाऱ्हाणं मांडायची ही रीत भक्तीच्या आतच बसवलेली आहे. तुमच्या नायिकेच्या मनात असलेली तक्रार तिच्या दिंडीनं टाळ वाजवत ठेवून मांडली तर? अनसूयाबाईच्या कादंबरीत २०१९ सालचा असा एक प्रसंग आधी ठेवला, तर २०२० सालच्या घरातल्या शांततेला केवढा अर्थ येतो. असं सामान पुस्तकं वाचून मिळत नाही. ते बघितलेल्यालाच मिळतं, आणि तुम्ही बघितलेलं आहे.

चौथी पायरी : चातुर्मासाचा नेम

दोनशे-सव्वादोनशे छापील पानांची कादंबरी म्हणजे अंदाजे साठ हजार शब्द. एका बैठकीला तीनशे शब्द, म्हणजे फुलस्केपचं दीड-दोन पानं, असं धरलं तर दोनशे बैठका. आठवड्याला पाच बैठका केल्या तर नऊ-दहा महिने. साठीतल्या माणसाला हे झेपतं.

सुरुवात मात्र चातुर्मासाचा नेम म्हणून करा. आषाढी ते कार्तिकी. ज्यांच्या घरी चार महिने एखादा पदार्थ सोडायची किंवा रोज एक अध्याय वाचायची सवय आहे, त्यांना नेम पाळणं शिकवावं लागत नाही. हरिपाठाची वेळ जशी ठरलेली असते तशी लिखाणाची ठरवा. शक्यतो पहाटे, फोन हातात घ्यायच्या आधी. कार्तिकीपर्यंत पंचवीस हजार शब्द झालेले असतील, आणि तिथून मागे फिरणं जड जातं.

घरच्यांना स्पष्ट सांगून टाका. निवृत्त माणूस घरात बसलेला दिसला की दळण, बँक, नातवाला शाळेतून आणणं हे सगळं त्याच्याकडे येतं. बाईच्या बाबतीत तर निवृत्ती असा प्रकारच नसतो. म्हणून दार लावता येईल अशी जागा आणि एक तास मागून घ्या. नाहीच मिळाली तर गावातल्या वाचनालयात जाऊन बसा.

हातानं लिहायचं की टंकायचं, हा तुमच्या मणक्याचा आणि डोळ्यांचा प्रश्न आहे. हातानं लिहीत असाल तर कागदाच्या एकाच बाजूला लिहा, एक ओळ सोडून, पानांना क्रमांक घालून. बोलून लिहायचं असेल तर फोनवरचं मराठी व्हॉइस टायपिंग आता चांगलं काम देतं. बोलीतले शब्द आणि संतांची नावं ते चुकवतं, विरामचिन्हं आपल्यालाच घालावी लागतात, तरी खांदा दुखणाऱ्याला त्याचा मोठा आधार आहे. मजकूर युनिकोडमध्येच ठेवा, म्हणजे कुठल्याही संगणकावर किंवा फोनवर तसाच दिसणाऱ्या अक्षरांत. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टंकून घेतलेली फाइल पुढे दुसऱ्या संगणकावर उघडताना रडवते. रोजचं लिखाण स्वतःलाच मेल करून ठेवा.

पहिला खर्डा संपेपर्यंत मागचं वाचून दुरुस्त करत बसू नका. आणि तो कुणाला दाखवू नका, घरच्या माणसाला तर मुळीच नाही.

पाचवी पायरी : निरूपण काढा, प्रसंग ठेवा

कीर्तनकाराच्या समोर बसलेला माणूस आधीच माळकरी असतो. कादंबरीचा वाचक तसा नसतो. तो न मानणारा असेल, दुसऱ्या धर्माचा असेल, नुसताच प्रवासात वेळ घालवायला वाचत असेल. त्याला पटवायला जाऊ नका, त्याला दाखवा. एक उतारा बघू, असा मजकूर मला पुष्कळदा वाचायला मिळतो:

'अनसूयाबाईंची विठ्ठलावर अपार श्रद्धा होती. वारी चुकल्यामुळे त्यांना अतीव दुःख झाले. परंतु देव भावाचा भुकेला असतो, हे त्यांना ठाऊक होते.'

तीन वाक्यांत लेखकानं सगळं सांगून टाकलं, वाचकाला करायला काही उरलं नाही. आता हेच असं लिहून पाहा:

'सून उठली तेव्हा अनसूयाबाई खांद्याला वारीची पिशवी अडकवून ओट्यापाशी उभ्या होत्या.
"कुठं निघालात आत्याबाई?"
"कुठं न्हाई. वजन बघतीय पिशवीचं."
दुपारपर्यंत त्यांनी पिशवी उतरवली नाही. भाकरी थापतानाही नाही.'

श्रद्धा, दुःख, देव, यातला एकही शब्द आला नाही. तरी तिचं काय झालंय ते कळलं, आणि सून घाबरली असेल हेही कळलं. खर्डा पुरा झाला की लाल पेन घेऊन बसा आणि 'श्रद्धा', 'भक्तिभाव', 'कृतार्थ', 'धन्य', 'डोळ्यांत आसवं' हे शब्द जिथे जिथे आलेत तिथे खूण करा. प्रत्येक खुणेच्या जागी हातानं केलेली एखादी कृती घालता येते का ते बघा. सगळीकडे जमणार नाही, जमू नयेही. पण निम्म्या ठिकाणी जमलं तरी कादंबरी जागेवर येते.

चमत्काराबद्दल एक सांगायचं आहे, कारण बहुतेक हस्तलिखितं इथे घसरतात. तुमच्या आयुष्यात खरोखर काही विलक्षण घडलेलं असेल. ते तुम्ही मानता, आणि ते तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. पण कादंबरीत गोष्टीची गाठ चमत्कारानं सोडवू नका. शेवटच्या प्रकरणात मुलाचा ताप विठ्ठलाच्या कृपेनं उतरला, असं झालं की आधीच्या दोनशे पानांतली तळमळ फुकट जाते. चमत्कार सुरुवातीला किंवा मध्ये येऊ दे, आणि त्यानं प्रश्न सुटण्याऐवजी वाढू दे. एकानं तो मानावा, दुसऱ्यानं त्याला साधं कारण द्यावं, आणि लेखकानं मध्ये पडू नये.

सहावी पायरी : अभंग वापरताना

संतांचे अभंग सगळ्यांचे आहेत, त्यांना कुणाची परवानगी लागत नाही. पण अभंग तोंडपाठ असला तरी छापील गाथेशी ताडून घ्या. आवृत्त्यांत पाठभेद असतात, क्रमांकही वेगळे असतात. एकच आवृत्ती धरा आणि तिच्यातलाच पाठ सगळीकडे वापरा.

खरी अडचण वेगळी आहे. भजनात गायली जाणारी सगळीच पदं संतांची नसतात. 'इंद्रायणी काठी' कित्येकांना जुना अभंग वाटतो. ते गीत ग. दि. माडगूळकरांचं, 'गुळाचा गणपती' या १९५३ च्या चित्रपटातलं. भारतात लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं त्याचा हक्क टिकतो. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत त्यांच्या ओळी छापायला परवानगी हवी. म्हणून प्रत्येक ओळीचा कर्ता कोण, हे आधी शोधा. आणि मुळात अभंग कमीच घाला. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एक अभंग असला की वाचक तो ओलांडून पुढे जातो. दिंडीत कुणाचा तरी सूर चुकतो आणि शेजारची बाई सावरून घेते, अशा जागी आलेला अर्धा चरणही पुरतो.

सातवी पायरी : पुन्हा लिहिणं आणि दाखवणं

खर्डा संपला की महिनाभर बाजूला ठेवा. मग एका दमात, मोठ्यानं वाचा. कीर्तन-प्रवचन ऐकून तयार झालेला तुमचा कान इथे कामी येतो. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य मोडा.

त्यानंतर तिघांना द्या: एक तुमच्यासारखा श्रद्धावान, एक न मानणारा, आणि एक तिशीच्या आतला. तिघांना एकच विचारा, कुठे कंटाळा आला? 'कशी वाटली' असं विचारलंत तर वयाचा मान राखून सगळे छान म्हणतील. न मानणाऱ्याला जिथे आपल्याला शिकवलं जातंय असं वाटलं, ती पानं हमखास पुन्हा लिहायची. घरातल्या जिवंत माणसांवरून पात्रं घेतली असतील तर त्यांना छापण्याआधी सांगा. गाव, धंदा, नातं बदललं तरी माणसं स्वतःला ओळखतात.

आठवी पायरी : छापणं

प्रकाशकाला पूर्ण संहिता एकदम पाठवू नका. एक पानाचा गोषवारा, पहिली तीन प्रकरणं आणि चार ओळींत तुमची ओळख एवढं पुरे. उत्तराला काही महिने लागतात, तोवर चिडू नका. होकार आला तर करार लेखी करा. मानधन बहुतेक वेळा छापील किमतीच्या टक्क्यांत असतं, दहाच्या आसपास. ई-बुक, ऑडिओ आणि भाषांतराचे हक्क करारात वेगवेगळे लिहून घ्या.

पैसे भरा, पुस्तक काढतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि निवृत्तीचा फंड हातात असलेला माणूस त्यांना पटकन सापडतो. पैसे द्यायचेच असतील तर किती प्रती, कोणता कागद, संपादन कोण करणार, विक्रीची जबाबदारी कुणाची, उरलेल्या प्रती कुणाच्या, हे कागदावर घ्या. 'छपाईनंतर बघू' असं उत्तर आलं तर उठून या.

स्वतः काढायचं ठरवलंत तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. लेखनाचा हक्क लिहिल्या क्षणीच तुमचा होतो, नोंदणी ऐच्छिक आहे आणि तिचं शुल्क पाचशे रुपये. प्रकाशक तुम्हीच असाल तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीपासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरवून दिलेल्या इतर सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिच्या अटी जाहिरात निघेल तेव्हा नीट वाचून अर्ज करा. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांतही पहिल्या कादंबरीचा वेगळा गट असतो, तिकडे प्रती पाठवायला विसरू नका.

छापायला देताना अक्षर बारीक ठेवू देऊ नका. पानं वाचवायला छापखाना ते लहान करू बघतो. तुमचे पहिले वाचक तुमच्या दिंडीतले, भजनी मंडळातले, म्हणजे चष्मा लावणारेच असणार. म्हणून छापखान्याकडून दोन वेगवेगळ्या आकारांत एकेक नमुना पान काढून मागा, ते दोन-तीन समवयस्कांना संध्याकाळी दिव्याखाली वाचायला द्या, आणि जे पान सगळ्यांना न अडखळता वाचता आलं त्याचाच आकार ठरवा.